मुख्य तेवढं सांग

शिरूरच्या कोर्टाच्या मागच्या खिडकीतून मिशनच्या शाळेची चौथी ऐकू यायची. दिसायची नाही, कारण मध्ये भिंत होती आणि भिंतीला लागून कडुनिंब. पण ऐकू इतकी स्वच्छ यायची, की तिथल्या नोकरीत माझे लहानपणी कच्चे राहिलेले पाढे पक्के झाले. मी कोर्टात साक्षी उतरवून घेणारा कारकून होतो. साहेब विचारायचे, साक्षीदार बोलायचा, मी लिहायचो, आणि आम्हा तिघांच्या डोक्यावरून साळवेबाईंचा आवाज जायचा.

"पुन्हा."

मुलगा चुकला तर पुन्हा, आणि बरोबर आला तरी पुन्हा. कारण एकदा बरोबर येणं हा बाईंच्या मते योगायोग असू शकत होता. एकदा बैलचोरीच्या खटल्यात एक म्हातारा साक्षीदार पुटपुटत सांगत होता, की त्यानं आपला बैल कसा ओळखला. तेवढ्यात खिडकीतून आलं, "पुन्हा! मोठ्यानं!" म्हाताऱ्याला वाटलं साहेबच ओरडले. त्यानं घसा खाकरला आणि सगळी साक्ष पहिल्यापासून, बाहेरच्या टांगेवाल्याला ऐकू जाईल अशी, परत दिली. साहेबांनी रुमालात हसून घेतलं. खिडकी लावून घ्यायचा हुकूम झाला, पण एप्रिल महिना होता, तो हुकूम दुपारपर्यंतच टिकला.

बाई उंचीनं अगदी लहान. चौथीतली थोराड पोरं त्यांच्या खांद्याच्या वर जायची. हिरव्या बारीक काठाचं पांढरं लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बाराही महिने हातात काळी छत्री. यजमान मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. याहून जास्त मला ठाऊक नाही, कारण बाईंनी सांगितलं नाही आणि आमचं बिऱ्हाड त्यांच्या शेजारी असूनही विचारायची माझी छाती झाली नाही.

पूर्ण वाक्यात बोलायचं हा त्यांचा नेम होता, आणि तो शाळा सुटली म्हणून सुटत नसे. बाजारात माळीण विचारायची, "काय देऊ बाई?" त्यावर आपण म्हणतो कोथिंबीर. बाई म्हणायच्या, "मला कोथिंबिरीची एक जुडी हवी आहे, आणि ती पिवळी पडलेली नको आहे." बाई लांबून दिसल्या की माळणी एकमेकींना डिवचायच्या, "सरळ बसा गं, तपासणी आली!" माझी बायको म्हणायची, ह्या झोपेत बरळत असल्या तरी पूर्ण वाक्यात बरळत असतील.

खरं बोलण्याचंही तसंच. शाळा तपासायला डेप्युटी आले तो नेमका बाजारचा दिवस होता. बाजारच्या दिवशी निम्मी पोरं आईबापांच्या पाट्या उचलायला जातात हे सगळ्या शिरूरला ठाऊक. बाकीच्या वर्गांच्या हजेऱ्या मात्र भरगच्च होत्या, आणि बाईंची अर्धी रिकामी. डेप्युटींनी विचारलं, "तुमच्याच वर्गात एवढी गैरहजेरी का?" बाई म्हणाल्या, "आज बाजार आहे, म्हणून माझी मुलं गैरहजर आहेत. बाकीच्या वर्गांतलीही गैरहजर आहेत." हेडमास्तर महिनाभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही.

अशा या बाईंकडे हौसा आली.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला एका वाडीवर तिच्या आईचा, गंगूचा, खून झाला होता. गंगू विधवा. विहिरीकडचं रान तिच्या वाट्याचं होतं, आणि दीर धोंडिबा त्या कागदावर तिचा अंगठा मागत होता. ती देत नव्हती. बाजारच्या दिवशी भरदुपारी ती चुलीपुढे मरून पडलेली सापडली, शेजारी पाट्यावरचा वरवंटा. धोंडिबाचं म्हणणं, मी दिवसभर तळेगावच्या बाजारात होतो. तसं सांगणारे दोघे त्यानं उभे केले होते. खुनाच्या वेळी घरात दुसरं कोणी असलंच तर ती आठ वर्षांची हौसा. फौजदारांना तिनं एकच शब्द सांगितला, "काका." मग तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. भावकीत तिला ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं आणि आजोळी कोणी उरलं नव्हतं, म्हणून हवालदारानं तिला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं, आणि तिथल्या मुख्य बाईंनी ती साळवेबाईंच्या हवाली केली.

त्या काळी खुनाचं प्रकरण आधी आमच्या कोर्टात चौकशीला यायचं आणि मग पुण्याला सेशन कोर्टात जायचं. हौसाला आमच्याकडे आणलं तेव्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्याचं लाकूड तिच्या कपाळाला लागत होतं. शिपायानं स्टूल दिलं. साहेबांनी मायेनं नाव विचारलं. ती बोलली नाही. समोर धोंडिबा उभा होता आणि तिच्याकडे बघत होता, रागानं नव्हे, घरातलं माणूस बघतं तसा. थोड्या वेळानं स्टुलावरून पाणी ठिबकलं. साहेबांनी पुढची तारीख दिली.

त्या संध्याकाळी परसाच्या भिंतीवरून मी बाईंना जे बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"बाई, पोर बोलली नाही तर तो सुटणार. आणि सुटला तर हिला न्यायला तोच येणार. तिला आहे कोण दुसरं?"

"ती बोलेल," बाई म्हणाल्या.

"नुसतं बोलून भागत नाही. साहेबांना ऐकू जायला हवं. सलग सांगायला हवं, मध्येच अडून चालत नाही."

"सलग आणि मोठ्यानं बोलायला मला शिकवता येतं, भाऊसाहेब. तेवढंच मला येतं."

मी समाधानानं घरात गेलो आणि जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर बाई आणि हौसा बाईंच्या घराच्या मागच्या पायरीवर बसायला लागल्या. आमच्या परसातून दिसायचं. पहिला आठवडा बाई नुसत्या तांदूळ निवडत बसल्या. मग हौसाही निवडायला लागली. मग एका संध्याकाळी, मी विहिरीवर पाणी शेंदत होतो, आणि तिचा आवाज आला. घोगरा, कितीतरी दिवसांत न वापरलेला.

"म्या कणगीच्या मागं व्हते."

"मी कणगीच्या मागे बसले होते," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

चार महिने हे चाललं. सुरुवातीला दोन वाक्यांवर पोर थांबायची आणि ओकायची. बाई तिचं तोंड धुवायच्या, पाणी पाजायच्या, पाठीवर हात ठेवून बसायच्या, आणि तिचा श्वास खाली बसला की हळूच म्हणायच्या, "पुन्हा." माझ्या बायकोला ते बघवेना. ती एकदा भिंतीपाशी जाऊन म्हणाली, "बाई, मेलेल्या आईचं रोज रोज काय म्हणवून घेता लेकराकडून? देवाला तरी बरं वाटेल का?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी, एकदा पाठ झालं की त्याची भीती जाते. मी हे तीस वर्षं बघते आहे."

आणि खोटं का सांगू, भीती गेली. पोर जेवायला लागली. रात्री किंचाळत उठायची, ते थांबलं. सागरगोटे खेळायला लागली. एके दिवशी आमच्या परसात येऊन तिनं आमच्या मांजराला पूर्ण वाक्यात रागावलं, तेव्हा माझी बायको पदर तोंडाला लावून हसली आणि मग आत जाऊन रडली.

तारखेच्या दिवशी हौसा स्टुलावर हात जोडून ताठ उभी राहिली. लहान साक्षीदाराला खऱ्याखोट्याची समज आहे की नाही हे आधी पाहावं लागतं, म्हणून साहेबांनी विचारलं, "खरं बोलणं म्हणजे काय?"

"जसं झालं तसं सांगणं म्हणजे खरं बोलणं."

"आणि खोटं बोललं तर?"

"खोटं बोललं तर दुसऱ्याचं नुकसान होतं."

मग तिनं सांगितलं. मी कणगीच्या मागे बसले होते. आई चुलीपुढे बसली होती. काका दारातून आत आले. काका म्हणाले, अंगठा दे. आई म्हणाली, मी देणार नाही. काकांनी वरवंटा उचलला. पुढचंही सगळं, एकाही ठिकाणी न अडता, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात. माझा टाक कुठं अडला नाही, एक खाडाखोड झाली नाही. संध्याकाळी मी बाईंना म्हणालो, "इतकी स्वच्छ साक्ष मी सगळ्या नोकरीत लिहिली नव्हती." बाईंच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं लाजणं पाहिलं.

पुण्याला सेशन कोर्टात मी रजा टाकून गेलो होतो. धोंडिबाचे वकील मोठे नावाजलेले. मला वाटलं होतं, ते पोरीवर ओरडतील. ते ओरडले नाहीत. आपल्या नातीशी बोलावं तसं बोलले.

"छान सांगितलंस हं बाळ. आता मला एवढंच सांग, काकांनी वरवंटा उचलला, त्याच्या आधी काय झालं?"

हौसा थांबली. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. हौसानं हात जोडले आणि सुरुवात केली, "मी कणगीच्या मागे बसले होते."

"ते झालं. मधलं सांग."

"मी कणगीच्या मागे बसले होते. आई चुलीपुढे..."

वकिलांनी तिला हकिगतीतल्या तीन वेगवेगळ्या जागांवरून सुरुवात करायला सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती कणगीपासून निघाली. तेच शब्द, तोच सूर, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच. वाडीवरची पोर, आणि बोलत होती पुस्तकातली भाषा. कोर्टात कुजबुज सुरू झाली. मी लिहिणारा माणूस. आपण स्वच्छ म्हणत होतो ते काय होतं हे मला तिथे, त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं.

"बाळ, हे इतकं सुंदर म्हणायला कुणी शिकवलं तुला?"

"मला बाईंनी शिकवलं," हौसा म्हणाली. आणि बरोबर उत्तर दिल्यावर मूल बघतं तशी तिनं हसून बाईंकडे पाहिलं.

मग बाईंनाच पिंजऱ्यात बोलावलं. पवित्र शास्त्रावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, किती वेळा म्हणवून घेतलंत?

"मी मोजलं नाही. चार महिने रोज म्हणवून घेतलं."

"ती सांगायची त्यात तुम्ही काही फरक केलात?"

"केला. वाक्यं नीट करवून घेतली. इकडचं तिकडचं होतं ते काढायला लावलं."

"म्हणजे आज कोर्टापुढे जे आलं ते तुम्ही नीट केलेलं आहे?"

बाई म्हणाल्या, "नीट मी केलं आहे. खरं ते तिचं आहे."

वकील म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. बाहेर व्हरांड्यात ते बाईंवर चिडले, "एवढं सगळं सांगायची काय गरज होती हो?" बाई म्हणाल्या, "मग मला शपथ कशाला घ्यायला लावलीत?"

तरीही सेशन जज्जांनी पोरीवर विश्वास ठेवला. पोपटासारखं बोलली तरी पोर खोटं बोलत नाही, अशा अर्थाचं त्यांनी निकालात लिहिलं आणि धोंडिबाला जन्मठेप दिली. धोंडिबानं मुंबईला हायकोर्टात अपील केलं. अपिलाला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात हौसा चौथीत गेली, नाताळच्या कार्यक्रमात सगळ्यांत पुढे उभी राहिली, आणि बाईंना विसरून जावंसं वाटलं असेल की कुठं काही अपील चालू आहे.

निकालाची नक्कल आमच्या कोर्टात आली. इंग्रजी कायद्याची भाषा बाईंना झेपणारी नव्हती, म्हणून मी ती संध्याकाळी घरी नेली आणि त्यांच्या पायरीवर बसून मराठीत सांगितली. मुलगी हुशार दिसते. पण ती सांगते ते तिनं पाहिलेलं की तिला पढवलेलं, हे वेगळं काढता येत नाही. आरोपीच्या वकिलांचं म्हणणं, की मुलगी त्या वेळी घरात नव्हतीच, ओढ्याकडे शेरडांमागे होती. ती घरात होती याला तिच्या शब्दापलीकडे कसलाही आधार नाही. डोळ्यांनी पाहणारं मूल आजूबाजूचं काहीबाही सांगतं, तसं एक अक्षर या साक्षीत नाही. संशयाचा फायदा आरोपीला. सोडून द्यावं.

बाईंनी नक्कल माझ्या हातून घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाल्या, "काहीबाही पुष्कळ होतं, भाऊसाहेब. मी काढायला लावलं."

"काय होतं?"

"एक काळी कोंबडी होती. एका डोळ्याची. ती कणगीमागे हिच्या मांडीवर येऊन बसली होती. आपण हललो तर कोंबडी फडफडेल आणि काकांना कळेल, म्हणून ही ओरडली नाही. हे ती रोज सांगायची. मी म्हणायचे, कोंबडीचं राहू दे, मुख्य तेवढं सांग." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आणि भाकरीचं. सगळं झाल्यावर त्यानं म्हणे तव्यावरची भाकरी उचलून टोपलीत टाकली आणि तवा खाली उतरवला. करपायला लागली होती. मी म्हटलं, अगं, आई मेली आणि भाकरीचं काय सांगत बसलीस? मुख्य तेवढं सांग."

करपलेल्या भाकरीचं आपण कुठंतरी लिहिलं आहे, असं मला वाटायला लागलं. सकाळी कोर्ट उघडल्या उघडल्या मी कपाटातून त्या खटल्याच्या कागदांच्या आमच्याकडच्या नकला काढल्या. घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल माझ्याच हातची होती. चुलीपाशी टोपलीत तीन भाकऱ्या, पैकी सर्वांत वरची एका बाजूने करपलेली. तवा उतरवून चुलीखाली ठेवलेला.

मी ते लिहिलं होतं. फौजदारांनी वाचलं होतं, सरकारी वकिलांनी वाचलं होतं, दोन्ही कोर्टांपुढे ते पडून होतं, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हौसाचं ते एक वाक्य साक्षीत राहिलं असतं, तर ती घरात होती याला पंचांच्या सहीचा आधार मिळाला असता. घरात नसलेल्या पोरीला टोपलीतली वरची भाकरी ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी ओळखीच्या वकिलाला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, सरकार पुढे जात नाही म्हणतंय, आणि साक्ष संपल्यावर अशी वाक्यं आत घालता येत नाहीत. मी नक्कल कपाटात ठेवली. बाईंना सांगायचं नाही असं ठरवलं. त्यांना आणखी दुखवून काय साधणार होतं, असं मी स्वतःला समजावलं. सलग बोलायला शिकवा हे सांगणारा मी होतो, हेही त्यात होतंच.

दहाबारा दिवसांनी धोंडिबा आला. धुतलेलं धोतर, हातात परकराचं नवं कापड आणि गुळाची ढेप. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला.

"बाई, लई उपकार झालं तुमचं. पोरीला सांभाळलीत. न्यायला आलुया."

"तिला यायचं नसलं तर?" बाई म्हणाल्या.

"न्हाई यायचं म्हंजी? घर हाय तिचं. चुलता हाय मी, सक्का. हायकोर्टानं सांगितलंय, ह्या मानसानं काय बी केलं न्हाई. तुम्ही शिकल्याल्या, तुम्हाला मी काय सांगू?"

बाई बोर्डिंगच्या मुख्य बाईंकडे गेल्या, तिथून आमच्या साहेबांकडे आल्या. साहेब खाली बघत म्हणाले, बाई, माझ्या हातात काही नाही. मग बाई परत गेल्या आणि पायरीवर बसून त्यांनी हौसाची वेणी घातली. इतकी हळू वेणी घातलेली मी कधी पाहिली नाही. धोंडिबा फाटकाशी विडी न ओढता आदबीनं उभा होता.

हौसानं विचारलं, "बाई, माझं काय चुकलं? मी सगळं म्हटलं होतं."

"तुझं काही चुकलं नाही."

"पुन्हा म्हणू?"

बाईंनी नको म्हणून मान हलवली. एस.टी.च्या थांब्यापर्यंत त्या तिचा हात धरून गेल्या. गाडी सुटली तेव्हा हौसा खिडकीत हात जोडून बसली होती, स्टुलावर उभी राहायची तशी. वाडीवरून नंतर कळलं, की पोर पुन्हा मुकी झाली. काम सगळं करते, पण तोंडातून शब्द नाही.

त्यानंतर कोर्टाच्या खिडकीतून "पुन्हा" आलं नाही. मुलं चुकली की बाई गप्प राहायच्या, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच मुलाचा आवाज यायचा. साहेबांनी एकदा लिहिता लिहिता मान वर करून विचारलं, "साळवेबाई रजेवर आहेत काय?" मी म्हणालो, नाही साहेब, आहेत.

पुढे हौसाचं लग्न झालं. चौदावं संपायच्या आतच धोंडिबानं तिला खुटबावला देऊन टाकली. त्या वर्षी बाईंनी दौंडच्या मिशन शाळेत बदली मागितली. नोकरीची शेवटची वर्षं, शिरूरला सगळा जन्म गेलेला. लोकांना नवल वाटलं. माझ्या बायकोला वाटलं नाही. ती म्हणाली, खुटबावच्या बायका बाजाराला दौंडला येतात.

मी त्यानंतर दोनतीन वर्षांनी दौंडला गेलो. कोर्टाचं दप्तर तपासायचं काम होतं. काम लवकर आटपलं, आणि निघता निघता ठरवलं, की आता बाईंना भेटायचं आणि तो पंचनामा एकदाचा सांगून टाकायचा. म्हातारपण लागलं की असल्या गोष्टी उरावर बसतात. त्यांच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बाजारात बघा.

बाई दिसायच्या आधी ऐकू आल्या.

"ही मेथी आज सकाळी काढलेली आहे. हिच्यात एकही पिवळं पान नाही."

दौंडचा बाजार, रेल्वेची हमाल माणसं, गोणपाटांची गर्दी, आणि त्यात भाजीची आरोळी पूर्ण वाक्यात! दोघं पोरं नक्कल करत होती, पण मेथी खपत होती. गोणपाटावर बाई बसल्या होत्या, केस सगळे पांढरे, चष्म्याला तोच दोरा. छत्री उघडून त्यांनी शेजारच्या तरुण बाईवर धरली होती. तिच्या मांडीवर तान्हं मूल. गिऱ्हाइकानं भाव विचारला की ती बोटं दाखवायची आणि बाई मोठ्यानं सांगायच्या.

"भाऊसाहेब, बसा," बाई म्हणाल्या. "ही हौसा आहे."

हौसानं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. तिनं पाटी सरकवून जागा केली. मी बसलो. इकडचं तिकडचं बोललो, बायकोची खुशाली सांगितली. मग गिऱ्हाईक जरा कमी झालं तेव्हा आवाज खाली आणून म्हणालो, "बाई, एक गोष्ट मी इतकी वर्षं तुम्हाला सांगितली नाही. त्या पंचनाम्यात..."

"टोपलीत तीन भाकऱ्या," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पैकी सर्वांत वरची एका बाजूने करपलेली. तवा उतरवून चुलीखाली ठेवलेला. मी पुण्याहून नक्कल काढवून घेतली होती. मला पाठ आहे."

"कधी काढलीत?"

"तुम्ही निकाल सांगितलात त्याच आठवड्यात."

म्हणजे हौसाची वेणी घालताना बाईंना हे ठाऊक होतं. बाईंनी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं.

"पाठ झालं की भीती जाते असं मी वहिनींना म्हणाले होते. त्यांना सांगा, मी चुकीचं शिकवत होते."

दुपार कलली. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो. बाजार पातळ झाला होता. आणि माझी पाठ वळते न वळते तोच मागे हौसाचा आवाज आला, तोच घोगरा, खालच्या पट्टीतला. ती फक्त बाईंशी बोलत होती. सकाळी शेळी सुटली, सासूनं माठ फोडला, पोराला दात यायला लागलाय. कशाचा कशाला मेळ नाही. मी उगाच पिशवीचा बंद बांधत रेंगाळलो.

"...आन् ती आपली काळी कोंबडी व्हती न्हवं, आयची, येका डोळ्याची..."

इतक्या वर्षांच्या सवयीनं मी वाट बघत राहिलो, की आता बाई तिला थांबवतील.

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग ती माज्या मांडीवं बसली. आन् त्यानं तव्यावरली भाकरी काढली, टोपलीत टाकली. करपत व्हती."

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली, ऊन हौसाच्या पोराच्या तोंडावर आलं होतं.

"मग?"